उशालगतचा कोनाडा: लहान फ्लॅटमध्ये पलंगाशेजारचं फर्निचर कसं आखावं

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या आमच्या जुन्या घरात पलंगाशेजारी टेबल कधीच नव्हतं. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, जाड भिंतीत, पडल्या पडल्या हात पोचेल अशा उंचीवर एक कोनाडा होता. त्यात रात्री चिमणी, काडेपेटी, आईचा चष्मा आणि पाण्याचा तांब्या असायचा. जमिनीवरची तसूभर जागाही त्यानं अडवली नव्हती.

आई फोंड्याला आमच्या फ्लॅटवर राहायला आली, तेव्हा पहिले काही दिवस झोपेत ती पाण्यासाठी हात लांब करायची आणि हात सपाट भिंतीला लागायचा. मी तिला बाजारातून एक छोटं टेबल आणून दिलं. भुशाच्या बोर्डचं होतं, दिसायला छान. दुसऱ्या पावसाळ्यात त्याचे पाय फरशी पुसण्याच्या पाण्यानं फुगले, खण अडकू लागला आणि मागच्या बाजूला हिरवट बुरशी धरली. घरांची आतली आखणी हाच माझा व्यवसाय असल्यामुळे मी पुन्हा मुळापासून विचार केला आणि तिच्यासाठी भिंतीवर टांगायचा कोनाडा तयार केला. त्यानंतर पर्वरी, ताळगाव, मडगावच्या लहान फ्लॅटांमध्ये मी हेच सूत्र वापरत आलो आहे: उशालगतची वस्तू जमिनीवर उभी करायची नाही; तिला भिंतीचा नाहीतर पलंगाचा आधार द्यायचा. जागा वाचते हे एक. शिवाय आपल्याकडच्या ओलाव्यात फर्निचर टिकवायचं तर ते जमिनीपासून सुटं असणं फार महत्त्वाचं आहे.

आधी हाताला काय लागतं ते बघा

माप घेण्याआधी सात रात्री एक साधा प्रयोग करा. बुटांच्या खोक्याचं झाकण उशाजवळ स्टुलावर ठेवा आणि झोपताना जे जे लागतं ते त्यातच ठेवा. रोज सकाळी झाकणात काय उरलं ते लिहून काढा. आठवड्यानंतर जी यादी हाती येते, तीच तुमच्या फर्निचरची खरी मागणी. माझ्या आईची यादी अशी झाली: चष्मा, गोळ्यांची डबी, बाम, जपमाळ, पाण्याची बाटली, टॉर्च, मोबाईल. पावसाळ्यात वीज कधी जाईल सांगता येत नाही, म्हणून टॉर्च गोव्यातल्या प्रत्येक यादीत धरावाच.

या यादीवरूनच उंच्या ठरतात. चष्मा, मोबाईल, डबी यांना साडेतीन इंच उंचीची फट पुरते. लिटरभराची बाटली जवळजवळ फूटभर उंच असते, ती आत मावणार नाही. तिला वरच्या फळीवर जागा द्यावी लागते. कपडे, कागदपत्रं, जुनी बिलं या यादीत येऊ देऊ नका. ती एकदा खणात शिरली की गोळ्यांची डबी पुन्हा जमिनीवर येते.

मापं: दहा बाय दहाच्या खोलीत खरी जागा किती उरते

गोव्यातल्या बऱ्याच दोन बेडरूमच्या फ्लॅटांत दुसरी खोली साधारण दहा बाय दहा फुटांची असते, म्हणजे १२० इंच. क्वीन गादी ६० बाय ७८ इंच. पलंगाची चौकट धरून रुंदी सुमारे ६३ इंच. एका बाजूच्या भिंतीला २४ इंच खोलीचं कपाट आहे असं धरू. १२० मधून २४ आणि ६३ गेले की उरले ३३ इंच. कपाटासमोर वावरायला २४ इंच सोडले, तर पलंगाच्या दुसऱ्या बाजूला फक्त ९ इंच राहतात.

इथेच बहुतेकांची फसगत होते. दुकानातलं टेबल १५ ते १८ इंच रुंद असतं. ९ इंचांच्या फटीत ते बसत नाही, म्हणून लोक पलंग सरकवतात आणि मग कपाटाचं दार अर्धंच उघडतं. कपाटाच्या बाजूला उशाकडच्या कोपऱ्यात काही ठेवावं, तर कपाटाचं शेवटचं दार त्यावर आपटतं. दार सरकतं असेल तरच त्या कोपऱ्याचा विचार करा.

म्हणून ही मापं एका कागदावर मांडा: पलंगाच्या दोन्ही बाजूंना उरणारी जागा, दाराचा आणि कपाटाच्या पल्ल्यांचा फिरण्याचा घेर, आत उघडणारी खिडकी, पडदा कुठे गोळा होतो, प्लगची जागा आणि जमिनीपासून तिची उंची, फरशीच्या पट्टीची उंची व जाडी. गादीची उंची मात्र माणूस बसवून घ्या. मऊ गादी बसल्यावर दीड-दोन इंच दबते आणि रिकाम्या गादीवरून घेतलेलं माप चुकतं. उशालगतच्या फळीचा वरचा भाग गादीच्या बरोबरीत किंवा फार तर दोन इंच वर हवा. त्याहून खाली असेल, तर म्हाताऱ्या माणसाला खांदा वळवून खाली वाकावं लागतं. जास्त वर असेल, तर झोपेत कोपर आपटतं.

पलंग आणि उशालगतची टांगती पेटी यांच्यात दीड इंच फट सोडा. चादर खोचायला हात जायला हवा, आणि मच्छरदाणी लावणाऱ्या घरात जाळी गादीखाली खोचायलाही.

कोणत्या फटीला काय शोभतं

बाजूला १६ इंच किंवा जास्त जागा असेल, तर खण असलेली टांगती पेटी करा. तिची कृती खाली सविस्तर दिली आहे.

जागा ९ इंचांच्या आसपास असेल, तर खणाचा मोह सोडा. दीड इंच फट वजा जाता पेटी साडेसात इंचांची उरते, म्हणजे १९० मिमी. त्यातून दोन बाजूंच्या फळ्यांचे ३६ आणि खण सरकवायच्या चॅनेलचे २६ मिमी गेले की खण १२८ मिमीचा होतो, त्यात हातही नीट शिरत नाही. अशा वेळी उशाकडच्या फळीतच कोनाडे करावेत. पलंगाच्या रुंदीएवढी, ६ इंच खोल आणि गादीपासून १० ते १२ इंच वर येणारी लांब पेटी पलंगाच्या डोक्याशी बसवायची. तिच्या दोन टोकांना दोघांसाठी एकेक उघडा कोनाडा, मध्ये वरून झाकण उघडणारा कप्पा, त्यात जादा चादरी. पलंग सहा इंच पुढे येतो. १२० मधून गादीचे ७८, पेटीचे ६ आणि चौकटीचे ३ गेले, तरी पायथ्याशी ३३ इंच उरतात. एका माणसाला जायला-यायला तेवढे पुरतात. हा बदल मला सगळ्यांत जास्त आवडतो, कारण जुन्या कोनाड्याच्या तो सर्वांत जवळ जातो. मच्छरदाणी लावणाऱ्यांसाठी तर हाच उत्तम: पाण्यासाठी जाळी उचलावी लागत नाही. जाळी मात्र पेटीच्या मागून सोडायची असल्यामुळे पलंगापेक्षा फूटभर लांब घ्यावी लागते.

भाड्याच्या घरात मालक भिंतीला भोक पाडू देत नसेल, तर पलंगाच्या बाजूच्या लाकडी पाटीला दोन काटकोनी पट्ट्या लावून १० बाय ७ इंचांची फळी बसवा. फळीला पाऊण इंचाची कड ठेवा, म्हणजे मोबाईल घसरत नाही. घर बदललं की फळी पलंगाबरोबर जाते. पलंग लोखंडी पाइपचा असेल, तर पाइपला नटबोल्टनं आवळायची पकड वापरा. वेल्डिंग केलं तर तिथला रंग जळतो आणि गंज तिथूनच सुरू होतो.

खोक्यावर आठवडा काढा

आकार ठरला की लगेच मेस्ताकडे, म्हणजे सुताराकडे, जाऊ नका. किराणा दुकानातलं पुठ्ठ्याचं खोकं ठरलेल्या मापात कापा, स्टुलावर ठेवून उंची साधा आणि आठ दिवस तसंच वापरा. रात्री उठताना गुडघा कुठे लागतो, झाडू कुठे अडतो, कपाटाचं दार कुठे थांबतं, हे सगळं या आठ दिवसांत कळतं. आईच्या पेटीची खोली मी आधी १४ इंच धरली होती. तिसऱ्याच दिवशी तिची मांडी कोपऱ्याला घासली आणि मी ती ११ इंचांवर आणली. पुढचे दोन्ही कोपरे गोल करायचं ठरलं तेही तेव्हाच.

लाकूड, प्लाय की बोर्ड

जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की भुशाचा बोर्ड आणि साधा एमडीएफ (दाबलेल्या लाकडी तंतूंचा बोर्ड) या कामाला घेऊच नये. कापलेल्या कडेतून ओल एकदा आत शिरली की बोर्ड फुगतो आणि मग तो पूर्ववत होत नाही. प्लाय घेताना शीटवरचा शिक्का वाचा. आयएस (भारतीय मानक) ३०३ खाली एमआर (ओलावा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळतं पाणी सोसणारा) हे दर्जे येतात; आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय. एमआर ओलाव्यापुरता ठीक, पाण्यात टिकत नाही. आपल्या हवेत मी मरीन सुचवतो. पेटी लहान असल्यानं जादा खर्चही मोजकाच होतो. शंका असेल तर वीतभर तुकडा चार तास पाण्यात उकळून बघा. थर सुटले तर ते शीट घेऊ नका.

डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेल्या) बोर्डला पाणी आणि वाळवी लागत नाही, पण स्क्रूची पकड प्लायइतकी नसते आणि लांब फळी मध्ये वाकते. पेटी आणि भिंत यांच्यामध्ये घालायच्या गुटक्यांना तो चांगला. जुन्या घराचं फणसाचं किंवा किंदळाचं लाकूड घरात पडून असेल, तर ते जरूर वापरा. फक्त लक्षात ठेवा, भरीव लाकूड पावसाळ्यात तंतूंच्या आडव्या दिशेनं फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. म्हणून अशा लाकडाच्या खणाला दोन्ही बाजूंना एकेक सूत, म्हणजे साधारण ३ मिमी, मोकळीक हवीच.

समुद्राजवळ राहणाऱ्यांनी, म्हणजे मिरामार, कळंगुट, कोलवा या पट्ट्यात, खिळे-स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचेच घ्यावेत. साधं टेलिस्कोपिक चॅनेल खाऱ्या हवेत लवकर गंजतं. तिथे मी खण लाकडी पट्टीवर सरकवतो आणि पट्टीला मेणबत्ती घासतो. मऊ सरकतो आणि गंजायला काही उरतच नाही.

टांगत्या पेटीची कापणी

बाहेरचं माप: रुंदी ३६०, उंची २६०, खोली २८० मिमी. वरती ९० मिमीचा उघडा कोनाडा, खाली खण. मेस्त इंच-सुतांत बोलतो आणि चॅनेल मिलिमीटरमध्ये येतं. दोन्ही एकत्र झाले की चूक ठरलेली. कागदावर सगळं मिलिमीटरमध्येच लिहून द्या.

१८ मिमी प्लाय:
वरची आणि खालची फळी – ३६० × २८०, दोन
बाजू – २२४ × २८०, दोन
मधली फळी – ३२४ × २८०, एक
कोनाड्याची पाठ – ३२४ × ९०, एक
खणाचं तोंड – ३२० × ११२, एक

१२ मिमी प्लाय, खणासाठी:
बाजू – २५० × ८०, दोन
पुढची-मागची पट्टी – २७४ × ८०, दोन

६ मिमी प्लाय:
खणाचा तळ – २९८ × २५०
खणामागची पाठ – ३२४ × ११६

अशा दोन पेट्यांना आठ बाय चार फुटांच्या शीटचा साधारण तिसरा हिस्सा लागतो. स्वयंपाकघराचं काम चाललेल्या एखाद्या मेस्ताकडे एवढे तुकडे उरलेले असतात; आधी विचारून बघा.

बाजूच्या फळ्या वरच्या आणि खालच्या फळीच्या मध्ये येतात. प्रत्येक सांध्याला फेविकॉल, आणि ३ मिमीचं भोक आधी पाडून मगच दोन इंची स्क्रू. नाहीतर प्लायची कड फाटते. पेटी जोडल्यावर समोरून दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे नसतील तर फेविकॉल ओला आहे तोवर दाबून गुण्यात, म्हणजे काटकोनात, आणा.

सनमायका बाहेर लावला तर आतही ०.८ मिमीचा लावा, एकाच बाजूला लावलेली फळी पुढे वाकते. खणाची रुंदी आधी कापून ठेवू नका. आतला सनमायका चिकटला की आतलं माप पुन्हा घ्या आणि त्यातून २६ मिमी वजा करा. प्रत्येक बाजूच्या चॅनेलला जवळपास १३ मिमी लागतात. वर दिलेली २७४ आणि २९८ ही मापं सनमायका नसतानाची आहेत. सनमायका असेल, तर दोन्ही साधारण २ मिमीनं कमी होतात. चॅनेल १० इंची घ्या. खणाचं तोंड पेटीच्या आत बसतं, चारही बाजूंना २ मिमी फट ठेवून. उघडी राहिलेली प्रत्येक कड, दिसणारी आणि न दिसणारी, पट्टीनं किंवा सीलरनं बंद करा. मागची न दिसणारी कड सोडून दिली, तर ओल नेमकी तिथूनच शिरते.

खणामागच्या पाठीला इंचभर रुंदीची दोन भोकं पाडून आतून स्टीलची बारीक जाळी लावा. हवा खेळते, झुरळं येत नाहीत.

भिंत ओळखा, मगच भोक पाडा

रिकामी पेटी सात-आठ किलोंची असते. खरा भार तो नाही. रात्री उठताना माणूस तिच्या पुढच्या कडेवर हात टेकतो, तो भार धरायला हवा. समजा ३० किलोंचा दाब पुढच्या कडेवर पडला. ती कड भिंतीपासून २९२ मिमी पुढे आहे आणि बोल्ट पेटीच्या तळापासून २०० मिमी वर. म्हणजे वरच्या बोल्टांवर ओढ येते सुमारे ४४ किलोंची, दोघांत वाटून २२-२२. हीच पेटी १०० मिमी उंचीची असती आणि बोल्ट ८० मिमीवर असते, तर ओढ ११० किलोंच्या घरात गेली असती. चपट्या फळ्या काही महिन्यांत पुढे का झुकतात, ते यावरून कळेल. पेटीची पाठ उंच ठेवा आणि बोल्ट वर घ्या.

आता भिंत. एक लहान भोक पाडून भुकटीचा रंग बघा. आधी प्लास्टरची करडी भुकटी येते, मग खरी. गडद लाल-तांबूस आणि मध्ये पिवळे कण असतील तर चिरा. करडी आणि ड्रिल जड जात असेल तर काँक्रीट. मध्येच ड्रिल एकदम आत गेलं तर पोकळ ब्लॉक. पांढरट, पिठासारखी असेल तर एएसी, म्हणजे आत हवेची छिद्रं असलेला हलका ब्लॉक.

चिऱ्यात हातोड्याची क्रिया बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडा, नाहीतर कड भुसभुशीत होऊन भोक मोठं होतं. दोन चिऱ्यांमधला सांधा टाळा. पोकळ ब्लॉकला जाळीच्या नळीसह केमिकल अँकर (भोकात भरलेल्या रसायनानं घट्ट बसणारा बोल्ट) आणि एएसीला त्याच्यासाठीच बनलेले स्क्रूचे प्लग वापरा. स्क्रूचा साधा प्लग दोन्हीत फिरतो. काँक्रीटचा खांब उशाशी असेल तर सगळ्यांत चांगलं.

बोल्टची लांबी बहुतेकजण कमी घेतात. हिशोब करा: पाठीची फळी १८, गुटका १२, प्लास्टर २० मिमी. पन्नास इथेच संपले. १०० मिमीचा अँकर (भिंतीत रुतणारा बोल्ट) घेतला तर भिंतीत खरी पकड पन्नासचीच. चिऱ्यात मी १२० मिमीचा घेतो. आतली भिंत चार इंची असेल तर भोक पलीकडच्या खोलीत निघणार नाही ना, हे मात्र आधी बघा. आणि उशामागच्या विजेच्या प्लगकडे जाणारी वायर बहुधा सरळ उभी किंवा आडवी गेलेली असते; त्या रेषेत ड्रिल लावू नका.

पेटी भिंतीला चिकटवू नका. मागे १२ मिमी जाडीच्या, ४० मिमी रुंदीच्या डब्ल्यूपीसीच्या दोन उभ्या पट्ट्या, म्हणजेच गुटके, लावा, बोल्ट त्यांच्यातूनच जाऊ द्या, एकमेकांपासून २४० मिमी अंतरावर. पट्ट्या उभ्या असल्यानं हवा खालून वर जाते. नैऋत्येचा पाऊस झोडपणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर पेटी लावणं टाळाच. नाइलाज असेल तर ही फट इंचभर करा आणि तेवढ्यानं बोल्टही लांब घ्या. पेटीचा वरचा भाग जमिनीपासून ५३० मिमीवर आला, तर खाली २७० मिमी मोकळे राहतात. पुसणी आत जाते, चपला राहतात.

वीज

कोनाड्याच्या पाठीत मधोमध ६० मिमीचं गोल भोक पाडा. लहान भोकातून वायर जाते, चार्जरचं डोकं जात नाही. चार्जर उघड्या कोनाड्यात ठेवायचा, बंद खणात कधीच नाही. तो तापतो आणि खणात हवा नसते. प्लग पलंगामागे दडलेला असेल तर भिंतीला भोकं पाडण्याआधीच इलेक्ट्रिशियनकडून तो बाजूला आणून घ्या. मच्छर पळवायच्या मशीनलाही एक जागा लागते, ती मोजायला विसरू नका.

दिवा पेटीवर ठेवला तर अर्धी फळी त्याच्यातच जाते. तो भिंतीवर, गादीपासून दीड ते दोन फूट वर लावा. तीन ते पाच वॅटचा पिवळसर एलईडी वाचायला पुरतो. बटण मात्र पडल्या पडल्या हाताला लागायला हवं.

वर्षाची निगा

मृगाच्या आधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा खण पूर्ण बाहेर काढा. मागची जाळी कोरड्या फडक्यानं पुसा, बोल्ट पान्यानं तपासा. पावसाळ्यात बुरशीचा पांढरा थर दिसला, तर ओल्या कापडानं पुसून लगेच पंख्याखाली सुकवा आणि खण दोन दिवस उघडा ठेवा. पुढच्या कडेवर तळहात टेकून हळूहळू भार द्या आणि वरची कड बघा. भिंतीपासून केसभरही सुटत असेल, तर बोल्ट नुसता आवळत बसू नका: पेटी उतरवा, भोक साफ करा आणि केमिकल अँकर भरून पुन्हा टांगा. तो पूर्ण सुकेपर्यंत, पाकिटावर लिहिलेल्या वेळेआधी, तिच्यावर पाण्याची बाटलीसुद्धा ठेवू नका.